मग आजोबांचं काय?

समजा, तुमच्या गावात एक परका माणूस आला. माणूस भला आहे, आजाऱ्यांची सेवा करतो, पोरांना शिकवतो. तो सांगतो की देव एकच, त्याचा पुत्र सगळ्यांसाठी मेला, त्याच्यावर विश्वास ठेवणारा तरतो आणि न ठेवणारा कायमचा नरकात जातो. कायमचा म्हणजे खरंच कायमचा, त्याला शेवट नाही. तुम्हाला ते पटतं आणि तुम्ही बाप्तिस्मा घेता. संध्याकाळी घरी आल्यावर मनात येतं, मग आजोबांचं काय? त्यांनी तर हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

हा प्रश्न मी रचलेला नाही. २९ जानेवारी १५५२ ला कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना गेलेल्या एका पत्रात तो आहे. पत्र लिहिणाऱ्याला आपण सगळे ओळखतो. गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेत ज्यांचं शव ठेवलेलं आहे आणि दर दहा वर्षांनी ज्यांच्या दर्शनाला गर्दी लोटते, ते सेंट फ्रान्सिस झेवियर. १५४९ ते १५५१ या काळात ते जपानमध्ये होते आणि यामागुची शहरात त्यांनी बराच प्रचार केला. तिथल्या लोकांनी त्यांना आधी एक सरळ प्रश्न विचारला. तुमचा देव इतका दयाळू आहे, तर तुम्ही येईपर्यंत त्याने आमच्यापासून तोंड का लपवलं? झेवियरने उत्तर दिलं, की चीनमधून धर्मशास्त्रं येण्याआधीही जपानी माणसाला खून करणं, चोरी करणं वाईट हे कळत होतंच. म्हणजे देवाचा कायदा आधीपासूनच मनात लिहिलेला आहे. उत्तर हुशारीचं होतं आणि लोकांना ते बऱ्यापैकी पटलंही.

पुढचा प्रश्न मात्र हुशारीने सुटणारा नव्हता. नवख्रिस्ती लोक विचारू लागले, आमचे आईबाप, आजेपणजे नरकात आहेत ना, मग दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल का? जपानचे बौद्ध भिक्षू तशी सोय असल्याचं सांगत, त्यामुळे अपेक्षा रास्तच होती. झेवियरने सांगितलं, नाही, तिथून सुटका नाही. लोक रडले. आणि झेवियर पत्रात कबूल करतात की ज्याला इलाज नाही अशा गोष्टीसाठी आपले प्रिय मित्र रडताना बघून त्यांनाही दुःख झालं.

पत्रातला हा भाग वाचताना मी थांबलो. पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवणाऱ्या घरात मी वाढलो. श्राद्धावर माझा स्वतःचा विश्वास किती, हा वेगळा मुद्दा. पण गेलेल्या माणसासाठी आपण अजून काहीतरी करू शकतो, ही कल्पना काढून घेतली की घरात काय होतं, हे कळायला विश्वास असावा लागत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. शिक्षण इंजिनियरिंगचं, देवधर्माच्या बाबतीत आळशी. या विषयाकडे वळलो ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. त्यात नगरचे ह्यूमसाहेब येतात. हे ह्यूमसाहेब कोण म्हणून शोधायला गेलो, तर कळलं की १८८६ साली अमेरिकेतली एक मोठी धर्मसंस्था या माणसावरून भांडत होती, आणि भांडणाचा मुद्दा हाच होता: ज्यांनी ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही, त्यांचं मेल्यावर काय होतं? पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जायला हवं.

मूळ भानगड एका शब्दाची आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी येशू दोन गट करतो. एकाला शिक्षा, दुसऱ्याला जीवन, आणि दोन्हीला एकच ग्रीक विशेषण लावलेलं आहे: 'आयोनिओस'. हा शब्द ज्या 'आयोन'वरून आला त्याचा अर्थ युग, काळाचा मोठा पट्टा. मग ही शिक्षा अनंत, की त्या येणाऱ्या युगातली? तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने मांडलं की देवाची शिक्षा डॉक्टरच्या कडू औषधासारखी असते. ती बरं करण्यासाठी असते, त्यामुळे शेवटी सगळेच बरे होऊन देवाकडे परततील. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीचंही मत असंच होतं, आणि त्यांना चर्च आजही संत मानतं. ओरिजेनच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. मेल्यानंतर तीनशे वर्षांनी, सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५४३ आणि ५५३ साली त्याच्या विचारांचा निषेध झाला.

पश्चिमेत बाजी मारली ऑगस्टीनने. 'सिटी ऑफ गॉड' या ग्रंथाचा एकविसावा भाग त्याने जवळजवळ याच वादाला दिला आहे. नरक कधीतरी संपेल असं मानणाऱ्या सहृदय ख्रिस्ती लोकांना तो एकेक करून उत्तरं देतो, थोडी चेष्टाही करतो. त्याचा मुख्य मुद्दा भक्कम आहे. एकाच वाक्यात, एकाच विशेषणाने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक अनंत आणि दुसरी तात्पुरती कशी? शिक्षा संपते म्हणाल तर स्वर्गही संपतो म्हणा. मला ऑगस्टीन आवडत नाही, पण कोड रिव्ह्यूला असा माणूस समोर असावा असं मात्र वाटतं.

मग ज्यांना ही बातमी कळलीच नाही, त्यांचं? यावर उत्तरं होती, पण ती एज केससाठी लिहावीत तशी होती. दान्तेने व्हर्जिलला लिंबोत ठेवलं. तिथे यातना नाहीत आणि देवही नाही. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने मात्र सरळ सांगून टाकलं की चर्चच्या बाहेर असलेले सगळे, मूर्तिपूजक असोत वा ज्यू, मरण्याआधी आत आले नाहीत तर अग्नीतच जाणार. युरोपला तेव्हा वाटत होतं की बातमी जवळपास सगळ्या जगात पोचलेली आहे आणि बाहेर राहिलेले आहेत ते हट्टाने राहिलेत. पन्नास वर्षांनी कोलंबस निघाला. पाठोपाठ अमेरिका, हिंदुस्थान, चीन, जपान. एज केस म्हणून बाजूला ठेवलेला गट बहुसंख्य निघाला.

दरम्यान प्रॉटेस्टंट सुधारणेने आणखी एक दार बंद केलं. पर्गेटरी, म्हणजे मेल्यानंतर शुद्ध होण्याची मधली जागा, त्यांनी काढून टाकली. मृतांसाठी प्रार्थनाही गेली. पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रं विकणाऱ्या व्यवस्थेविरुद्धचा तो राग होता आणि तो योग्यच होता. पण परिणाम असा झाला की कॅथलिकांकडे निदान जी थोडी ढिलाई होती, ती प्रॉटेस्टंटांकडे उरली नाही. मेलात त्या क्षणी हो किंवा नाही, तिसरी किंमत नाही.

ही दोन किमतींची व्यवस्था घेऊनच अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये इथे उतरले. मराठी शाळा, मराठी छापखाना, पुढे 'ज्ञानोदय', हे सगळं काम या अमेरिकन मराठी मिशनचं. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूअल यांनी एक पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये छापली गेली. तिच्या नावातच एक आकडा आहे: साठ कोटी. जगात साठ कोटी लोक ख्रिस्ताविना आहेत, त्यांचा अमेरिकन मंडळ्यांवर हक्क आहे. हा आकडा वाचताना त्यामागची घाई लक्षात घ्यायला हवी. लिहिणाऱ्याच्या मते त्यातले हजारो लोक रोज मरत आहेत आणि मेलेला प्रत्येक जण कायमचा गेला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने वारले. तेरा वर्षं त्यांनी त्या घाईत काढली होती.

अशा माणसांना क्रूर म्हणणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. जळत्या घराची खात्री असलेला माणूस दार जोरातच ठोठावणार.

पण दार ठोठावणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला वेगळंच काही दिसायला लागलं. ब्रिटिश बाजूचं एक उदाहरण सांगतो, कारण तेही आपल्याकडून सुरू होतं. चर्च मिशनरी सोसायटीचे फेरार नाशिकला काम करत. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ मध्ये मुंबईत जन्मला, इंग्लंडमध्ये शिकला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीचा कॅनन झाला. १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ॲबीच्या व्यासपीठावरून सांगितलं की नरकाची जी लोकप्रिय चित्रं रंगवली जातात ती शास्त्रात नाहीत आणि माणसाचं भवितव्य मरणाच्या क्षणी कायमचं बंद होतं असं मानायची गरज नाही. ती प्रवचनं 'इटर्नल होप' या नावाने पुस्तकरूपात आली आणि एकच गदारोळ झाला. ऑक्सफर्डच्या वृद्ध पुसींनी १८८० मध्ये पुस्तकभर उत्तर दिलं. तोवर इंग्लंडमध्ये हवा पालटलेली होती. १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस यांना 'आयोनिओस'चा अर्थ अनंत काळ असा घ्यायला नकार दिल्याबद्दल लंडनच्या किंग्ज कॉलेजातून काढलं होतं. १८६४ मध्ये मात्र प्रिव्ही काउन्सिलने एका पाद्र्याच्या खटल्यात निर्णय दिला की शिक्षा कधीतरी संपेल अशी आशा बाळगणं हा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गुन्हा ठरत नाही. लंडनमध्ये बसून न्यायालयाने नरकाची मुदत ठरवावी, याची तेव्हाही लोकांनी भरपूर टिंगल केली.

दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी १८६१ मध्ये रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं आणि त्यात अनंत शिक्षेची शिकवण नाकारली. झुलू लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून ते तिथवर आले होते. केपटाऊनच्या बिशपने १८६३ मध्ये त्यांना पदावरून काढायचा हुकूम दिला. आरोपपत्रात हाही मुद्दा होता.

आता नगर.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईचा. आईवडील अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. वडील लवकर वारले आणि कुटुंब अमेरिकेला परतलं. मुलगा येलमध्ये शिकला, मग मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीतून पाद्री होऊन १८७४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि अहमदनगरला राहिला. लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. १८७८ मध्ये त्यांनी नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. नगरच्या मंडळ्यांत मोठा भरणा महार समाजातून आलेल्या लोकांचा होता. म्हणजे ह्यूम ज्यांच्यात राहत होते त्यांच्यातल्या बहुतेकांचे आईबाप, आजेआज्या ख्रिस्ताचं नाव न ऐकता गेलेले, आणि गावाने त्यांना जिवंतपणीच वेशीबाहेर ठेवलेलं. त्यांना आता मेल्यानंतरही बाहेरच ठेवलंय असं सांगायचं?

इकडे अँडोव्हरमध्ये काही प्राध्यापक एक तोडगा मांडत होते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डॉर्नर यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ते नरक नाकारत नव्हते, सगळे तरतील असंही म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की न्यायासाठी प्रत्येकाला ख्रिस्ताची खरी ओळख व्हायला हवी, आणि ज्याला ती या जन्मात झाली नाही त्याला मरणानंतर, शेवटच्या न्यायाआधी व्हावी अशी आशा धरता येते. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांना उपदेश केल्याचा उल्लेख आहे, त्याचा आधार ते घेत. इंग्रजीत याला 'फ्यूचर प्रोबेशन' म्हणत. मराठीत 'पुढची संधी' म्हणू.

अँडोव्हरमध्ये असं बोलणं धोक्याचं होतं. संस्थेची एक ठरलेली श्रद्धाघोषणा होती, ती कधी बदलायची नाही अशी संस्थापकांची अट होती, आणि प्रत्येक प्राध्यापकाला दर पाच वर्षांनी तिला पुन्हा संमती द्यावी लागे. १८८६ मध्ये पाच प्राध्यापकांवर त्या घोषणेविरुद्ध शिकवल्याचे आरोप झाले.

त्याच वर्षी ह्यूम सुटीवर अमेरिकेत होते. जूनमध्ये अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी या प्राध्यापकांची बाजू घेतली. पुढची संधी हा आपला सिद्धान्त आहे असं ते म्हणत नव्हते. मिशनऱ्याला ही आशा ठेवायची मोकळीक हवी आणि तेवढ्याने तो कामाला अपात्र ठरत नाही, एवढाच त्यांचा आग्रह. दहाबारा वर्षं प्रत्यक्ष काम करून आलेला माणूस हे बोलतोय, म्हणून ते झोंबलं. बोर्डाच्या कारभारी समितीने त्यांचं नगरला परतणं अडवून धरलं.

बोर्डाचे सचिव एडमंड ऑल्डन आणि त्यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: या मताने मिशनची शीरच तुटते. मेल्यावरही संधी आहे म्हटल्यावर तरुण पोरं घरदार सोडून नगरला कशाला जातील? मंडळ्या पैसे कशाला देतील? आकडे, बोटी, कॉलऱ्याने गेलेली माणसं, हे सगळं ज्या पायावर उभं होतं तोच पाया काढायचा?

या युक्तिवादाला मी बराच वेळ उलटसुलट तपासून पाहिलं. त्यात एक विचित्र गोष्ट आहे. न ऐकलेल्यांना संधी नाही म्हटलं तर देव अन्यायी दिसतो. न ऐकलेल्यांना माफी आहे म्हटलं तर त्यांना न सांगणंच बरं, कारण सांगितल्यावर नाकारलं तर बिचारे बुडायचे. ही दुसरी अडचण खरी आहे आणि अँडोव्हरवाल्यांना ती दिसत होती. म्हणूनच ते माफीबद्दल बोलत नव्हते. प्रत्येकाला भेट घडेल, आज ना उद्या, असं ते म्हणत. मग मिशनरी कशासाठी जाणार? ज्याला चांगली गोष्ट सापडली तो ती सांगायला जातोच, मागे आग लागलेली असावी लागत नाही. ऑल्डन यांना हे कारण पुरेसं वाटलं नाही. निधी जमवणाऱ्या माणसाला ते वाटणं अवघडच होतं.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवातल्या डे मॉइन गावी बोर्डाची वार्षिक सभा झाली. वाद जाहीर आणि कडक झाला, आणि कौल एकंदरीत ऑल्डन यांच्या बाजूने गेला. नव्या उमेदवारांची या मुद्द्यावर कसून चौकशी सुरू राहिली. पण ह्यूम यांना मात्र बोर्ड फार काळ अडवू शकलं नाही. १८८७ मध्ये त्यांना परतायची मुभा मिळाली. मला यात थोडी गंमत वाटते. कागदावरच्या उमेदवाराला नाही म्हणणं सोपं होतं. ज्याचं काम नगर जिल्ह्यात पसरलेलं होतं, त्याला नाही म्हणणं जड गेलं.

सोपं होतं त्याचं उदाहरण विल्यम नॉइस. अँडोव्हरचा हा पदवीधर बोर्डाकडे अर्ज घेऊन गेला. आपण पुढच्या संधीची आशा धरतो, एवढं प्रामाणिकपणे लिहिल्यामुळे तो नाकारला गेला. १८८८ मध्ये बॉस्टनमधल्या एका मंडळीने स्वतःच त्याला दीक्षा दिली आणि जपानला पाठवलं. जपानलाच, जिथे झेवियरला तो प्रश्न विचारला गेला होता. अँडोव्हरच्या पाच जणांपैकी फक्त प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना १८८७ मध्ये दोषी ठरवून पदावरून काढण्याचा निर्णय झाला. ते कोर्टात गेले. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण नरकाच्या मुद्द्यावर नाही, कार्यपद्धतीच्या. स्मिथ शेवटपर्यंत शिकवत राहिले.

१८९३ मध्ये ऑल्डन पदावर राहिले नाहीत, आणि त्याच वर्षी वूस्टरच्या सभेत बोर्डाने नॉइसला नेमणूक देऊ करायचं ठरवलं. शास्त्रवचन तेच होतं, 'आयोनिओस' तोच होता. कुणी वाद जिंकला म्हणून हे झालं नाही. लोक दमले, जुनी माणसं गेली, आणि शीर तुटलेली असूनही मिशनं चालूच होती. कॅथलिक चर्चला यापुढे जायला १९६४ उजाडावं लागलं. तेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोंदवलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त माहीत नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, तेही तरू शकतात. फ्लॉरेन्सच्या १४४२ च्या वाक्याशेजारी हे वाक्य ठेवून बघा. दोन्ही एकाच चर्चची.

ह्यूम १८९३ मध्येच शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, तीच ती विवेकानंदांची परिषद. ख्रिस्ती आणि हिंदू विचार कुठे जुळतात, कुठे वेगळे होतात, हा त्यांचा विषय होता. नंतर दुष्काळात केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२९ मध्ये ते वारले.

आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरला आले. ह्यूम यांच्या सेमिनरीत शिकवू लागले. चर्चमध्ये त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. आपण ख्रिस्तापर्यंत कसे आलो हे सांगताना ते म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून आलो. बॉस्टनच्या जुन्या हिशेबाने सतराव्या शतकात देहूला गेलेले तुकाराम कुठे होते, ते सांगायला नको. टिळक हे नगरमध्ये, अमेरिकन मिशनच्या आवारात बोलत होते, आणि ह्यूमसाहेबांनी त्यांना थांबवलं नाही.